माझ्या घरातला समुद्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी, सभासद भगिनींच्या अनुभवकथनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवणारी. यंदा चिटणीसबाईंनी हात धरून वर उभे केले. म्हणाल्या, "तुमच्या माशांविषयी बोला." मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "जे केलेत तेच सांगा." तेव्हा जे केले तेच सांगते. चुकले तेही सांगते, कारण आज बोलायला उभी राहिले ती त्या चुकीसाठीच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी आलात तेव्हा बाहेरच्या खोलीतली काचेची पेटी आपण पाहिली असेल. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. खडक घातल्यावर तिच्यात पावणेदोनशे लिटर पाणी मावते. ते आपल्या नळाचे गोडे पाणी नव्हे. समुद्रासारखे खारे पाणी आहे. सोलापुरात, जिथून मुंबईचा समुद्र चारशे किलोमीटर लांब, तिथे हा खटाटोप कशाला, असे पुष्कळजणींनी विचारले. खरे सांगते, हौस माझी नव्हती. मुलाची होती. त्याने २०२१ साली ती पेटी उभी केली, २०२२ साली पुण्याला नोकरी लागली, आणि जाताना म्हणाला, "आई, दोन महिने बघ. मग काहीतरी व्यवस्था करतो." पुढे दोन वर्षांहून अधिक काळ ती व्यवस्था म्हणजे मीच.

लहानपणी मामांनी मला मुंबईला मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवले होते. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय. काचेला नाक लावून मी इतका वेळ उभी राहिले, की मामांनी शेवटी ओढून बाहेर काढले. एवढीच काय ती माझी समुद्राची ओळख.

आता ज्या माशाची गोष्ट सांगायची तो असा. करंगळीएवढा, फार तर तीन इंच. अंग निळसर जांभळे, त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सहा नारिंगी रेघा, शेपटी हिरवट. इंग्रजीत त्याला सिक्सलाइन रॅस म्हणतात, म्हणजे सहा रेघांचा रॅस. रॅस हे माशांचे मोठे कूळ आहे. त्यात पाचशेहून अधिक जाती. त्यात दोन मीटर लांबीचे धूड आहे आणि हा करंगळीएवढाही आहे. मुलाने पुण्याहून प्लास्टिकच्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात घालून एसटीने तो आणला. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, ह्याच्या अंगावर तर इरकली लुगड्याच्या काठावानी रेघा आहेत." तेव्हापासून त्याचे नाव इरकल्या पडले.

आमच्या घरात मासळी शिजत नाही. आत्याबाईंना प्रथम हे प्रकरण मुळीच पसंत नव्हते. त्यातून इरकल्याचे खाणे म्हणजे बर्फात गोठवलेली बारीक कोळंबी! तिचा डबा फ्रीजमध्ये कुठे ठेवायचा यावरून आठ दिवस अबोला झाला. शेवटी बर्फाच्या खणात एक वेगळा, झाकणाचा डबा ठरला, आणि त्याला मी सोडून कोणी हात लावायचा नाही असा तह झाला.

पण इरकल्याने हळूहळू सगळ्यांना आपलेसे केले. त्याचे डोळे वेगळेच. जवळचे बारीक किडेही दिसावेत अशी त्यांची घडण आहे. दिवसभर तो खडकाच्या फटीफटीतून तपासणी करीत हिंडायचा. आपण गहू निवडताना खडा शोधतो ना, अगदी तसा. खडकावर येणारे चपटे किडे, शिंपल्यांना चिकटून त्यांचा रस पिणाऱ्या बारीक गोगलगाई, हे तो वेचून खातो. रात्री त्याची तऱ्हा आणखी निराळी. दिवा मालवला की एका ठरलेल्या कपारीत शिरतो आणि तोंडावाटे चिकट द्रव सोडून आपल्याभोवती पारदर्शक कोष विणतो. त्यात झोपतो. सकाळी कोष फोडून बाहेर. पहाटे पाचला उठून मी बॅटरी लावून तो कोष पाहिला आहे. मच्छरदाणीत बाळ निजावे तसा दिसतो.

त्याचा एक दुर्गुणही सांगितला पाहिजे. तो फार तालेवार. पेटीत आधी आला असेल तर मागून येणाऱ्या लहान माशांना टोचून टोचून जेरीस आणतो. म्हणून जाणकार सांगतात, हा मासा सर्वांत शेवटी सोडावा. आम्ही सर्वांत आधी सोडला आणि पस्तावलो. मागून आणलेला एक छोटा मासा परत द्यावा लागला. आपण हसता आहात, पण घरात आधी आलेल्या जावेचा अनुभव कोणाला नाही? आणखी गंमत सांगते. या कुळातील पुष्कळ जातींत मासे आधी मादी असतात आणि त्यांतली एखादी मोठी पुढे नर होते. आत्याबाई हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे सगळे कष्ट भोगून झाल्यावर मग मालक!"

आता पाण्याविषयी. पहिल्या वेळी मला वाटले, खारे पाणी म्हणजे डब्यातले मीठ घातले की झाले. तसे नाही. समुद्राच्या पाण्यात खाण्याच्या मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम असे पुष्कळ क्षार असतात. त्यासाठी तयार मीठ मिळते. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आमच्या पेटीला सहा किलोच्या वर लागले. ते फिल्टरच्या पाण्यात विरघळवायचे. खारटपणा मोजायचे एक साधन असते. त्यावर १०२५ च्या आसपास काटा यावा लागतो. आणि पाणी तयार झाले म्हणून लगेच मासा सोडायचा नाही. चार ते सहा आठवडे पेटी तशीच चालू ठेवायची. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो, तो त्याला विषासारखा. तो पचवणारे सूक्ष्म जीव खडकांवर आणि वाळूत आधी वाढावे लागतात. विरजण लागल्याशिवाय दही नाही, तसेच हे.

खडकांविषयीही सांगते, कारण सुंदर रंगीत प्रवाळ आमच्या पेटीत का नाहीत, असे काहीजणींनी विचारले होते. प्रवाळ ही वनस्पती नव्हे. ते लाखो बारीक प्राण्यांनी मिळून बांधलेले घर. आपल्या देशात २००१ साली समुद्रातील प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले. ते तोडणे, विकणे, घरी ठेवणे गुन्हा आहे. म्हणून आमचे खडक भट्टीत भाजलेल्या मातीचे आहेत. परदेशातले लोक पेटीत प्रवाळ वाढवतात, त्यांची चित्रे पाहून कोणी भुलू नये.

आता पहिली चूक. २०२२ चा एप्रिल. आपल्या गावचा उन्हाळा तुम्हांला काय सांगायचा? पारा बेचाळिसावर. पेटीतले पाणी ३१ अंशांवर गेले. इरकल्याला २५ ते २८ बरे. मुलाने फोनवर सांगितले, "आई, पाण्यावर वारा येईल असा लहान पंखा लाव." लावला, आणि पाणी दोन दिवसांत २८ वर आले. हे माठाचेच शास्त्र: पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, आणि आपली हवा कोरडी म्हणून इथे ते मुंबईपेक्षा चांगले साधते. पण पाणी रोज तीन लिटर उडू लागले. मी विचार केला, समुद्राचे पाणी कमी झाले, तर समुद्राचेच घालावे. दहा दिवस रोज तीन लिटर खारे पाणी कालवून घालत राहिले. इरकल्या सुस्त झाला, खाईना, कपारीत बसून राहिला. मोजले तर काटा १०३१ वर!

मग डोक्यात उजेड पडला. उडून जाते ते नुसते पाणी. मीठ मागेच राहते. आमटी आटली की खारट होते. त्यात पुन्हा मीठ घातले तर काय होईल? वीस वर्षे आमटी करणाऱ्या बाईला हे कळू नये! पण कळले नाही खरे. एकदम गोडे पाणी ओतले असते तर त्या धक्क्याने तो मेला असता. म्हणून रोज पाच लिटर खारे काढून, पाच लिटर गोडे पाणी थेंबथेंब सोडले. पाच दिवसांत काटा जागेवर आला आणि सहाव्या दिवशी इरकल्या कोळंबीवर झडप घालायला आला. त्या दिवशी मी एक दोनशे पानी वही आणली आणि रेघा मारून रकाने आखले: तारीख, उष्णता, खारटपणा, घातलेले पाणी. सातवीनंतर पहिल्यांदाच मी माझ्या स्वतःसाठी वही आणली.

२०२३ च्या जूनमध्ये एका रात्री वादळ झाले आणि वीज गेली. पंप बंद. पंप बंद म्हणजे पाणी हलत नाही, आणि पाणी हलले नाही तर त्यात हवा मिसळत नाही, मासा गुदमरतो. हे गावाला गेले होते. मी मोबाइलच्या उजेडात तांब्याने पाणी उचलून वरून ओतू लागले. दर दहा मिनिटांनी वीस तांबे. रात्री दोनला मागे चाहूल लागली. आत्याबाई उभ्या. म्हणाल्या, "सर. तू जरा पाठ टेक." ज्या माशाच्या डब्यावरून अबोला झाला, त्याच्यासाठी त्या म्हातारीने पहाटे चारपर्यंत तांब्या धरला. वीज साडेचारला आली. दुसऱ्या दिवशी मी बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप मागवला. तो आधीच घरात हवा होता.

आता जे सांगायला उभी राहिले ते.

हा मासा उडी मारतो. रॅस कुळाची ती खोडच आहे; दचकला की पाण्याबाहेर. म्हणून आम्ही पेटीवर खिडकीच्या डासांच्या जाळीचे झाकण केले होते. काचेचे झाकण उन्हाळ्यात चालत नाही, आत कोंडते. २०२४ चा मे महिना. त्या दिवसांत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचे. दुपारी पंखा नीट बसवायला मी जाळीचे एक टोक उचलले, आणि तेवढ्यात शेजारून हाक आली, "वहिनी, पाणी आलं!" आपल्यापैकी कोणती बाई त्या हाकेला थांबेल? मी धावले. हंडे, कळशा, बादल्या, टाकी. पाऊण तासाने येऊन पाहते तर पेटी रिकामी. इरकल्या टेबलामागे फरशीवर पडला होता. अंगाला धूळ लागलेली. कल्ले किंचित हलत होते. ओंजळीत उचलून पाण्यात सोडला. तो तळाशी आडवा झाला. रात्री त्याने कोष विणला नाही. पहाटे पाचला बॅटरी लावली तेव्हा तो गेलेला होता.

तुम्ही म्हणाल, एवढासा मासा. मीही स्वतःला तेच सांगितले. पण भगिनींनो, रानातले पाखरू मेले तर ते त्याच्या नशिबाने मेले असे म्हणता येते. या माशाला नशीब नव्हतेच. त्याचे पाणी, त्याचे मीठ, त्याचा वारा, त्याचे छप्पर, सगळे माझ्या हातात होते. माझा हात पाऊण तास दुसरीकडे गेला. मी मुद्दाम केले नाही, हे खरे. पण ज्याचे सर्वस्व आपल्या हाती आहे, त्याला आपल्या मुद्दाम-नकळतचा काय उपयोग?

संध्याकाळी मुलाला फोनवर सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आई, तू खूप केलंस. या खेपेला येताना दुसरा आणतो." मी नको म्हटले. त्याला राग आला असे वाटले, म्हणून कारण सांगितले. तेच तुम्हांला सांगते.

आम्ही तो मासा घेतला तेव्हा दुकानदाराला विचारले नव्हते, हा आला कुठून? नंतर विचारले. परदेशातून, समुद्रातून पकडून. या जातीचे बाजारात येणारे बहुतेक मासे असेच पकडलेले असतात. इंडोनेशिया, फिलिपाइन्स अशा देशांत बंदी असूनही काही ठिकाणी सायनाइड पाण्यात फवारून माशांना गुंगी आणतात आणि पकडतात. त्याने आजूबाजूचे प्रवाळही मरतात. इरकल्या तसा पकडला होता की जाळ्याने, हे मला कळण्याचा मार्ग नाही. पण विचारायला मी पैसे देण्यापूर्वी हवे होते.

आणि त्याच मे महिन्यात बातमी आली, की लक्षद्वीपच्या समुद्रातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ टाकून देतात. त्याच शेवाळावर त्यांचे पोट. पाणी लवकर निवले तर सावरतात, नाहीतर मरतात. १९९८ सालीही तिथे असेच झाले होते. एक-दोन अंश! पूर्वी मी हे वाचून पान उलटले असते. पण दोन अंशांसाठी मी तीन उन्हाळे पंखा हलवला होता. माझ्या पेटीला पंखा लावता येतो. समुद्राला कोण लावणार? आणि असे तापलेले घर सोडून इरकल्याचे भाऊबंद जाणार कुठे? तिथून आणखी एक काढून आणावा असे मला वाटेना.

प्रवाळ केवळ परक्या मुलखात नाहीत. आपल्या मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटर आत समुद्रात प्रवाळांचे पठार आहे, त्याला कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे. सहलीला गेलात आणि पाण्यात उतरलात, तर एवढेच करा: प्रवाळावर पाय देऊ नका आणि तुकडा पर्समध्ये घालून आणू नका. जे बघायला मी लहानपणी काचेला नाक लावले, ते तिथे काचेवाचून दिसते.

मग पेटीचे काय केले? मोडली नाही. आता तिच्यात दोन क्लाउनफिश आहेत, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. संक्रांतीला तुम्ही पाहिलेत ते हेच. ते समुद्रातून पकडलेले नाहीत; टाकीत जन्मलेले आहेत. तमिळनाडूत मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे टाकीत वाढवण्याची रीत बसवली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर तिथल्या बायकांना शिकवून शोभेच्या कोळंबीची पिल्ले वाढवण्याचे काम दिले आहे. समुद्रातले न ओरबाडता चार पैसे मिळतात. हे वाचून मला फार बरे वाटले. आपल्यासारख्याच घरच्या बाया त्या.

कोणाला घरी अशी पेटी ठेवावीशी वाटली, तर माझे एवढेच सांगणे. मासा कुठून आला हे आधी विचारा. रोज मोजायला आणि लिहायला वेळ नसेल तर ठेवू नका. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडेच पाणी घाला. आणि झाकण उचलले की ते बसवल्याशिवाय कोणाच्याही हाकेला जाऊ नका. मग नळाला पाणी आलेले का असेना.

मी आजही पहाटे पाचला उठते. वहीत आकडे लिहिते. आता तिसरी वही चालू आहे. आत्याबाई विचारतात, "आज काटा कुठाय गं?" मी आकडा सांगते. मग त्या स्वतः उठून जाळीची चारी टोके हाताने चाचपून पाहतात आणि मगच चहाला बसतात.